त्याचा कशाला?

मी माझ्या बहिणीकडे, स्मिताकडे, असताना तिथे विम्याचा एजंट आला होता. ती बँकेत अधिकारी आहे. तिचा नवरा अजित नोकरी सोडून छोट्या मुलीला सांभाळतो. स्मिताच्या विम्याचं ठरल्यावर एजंटाने विचारलं, "आणि साहेबांचा?"

"त्याचा कशाला? तो कुठे कमावतो?" स्मिता सहज बोलून गेली.

मुलीला वरणभात भरवता भरवता अजितचा हात थांबला. "उद्या मी नसलो, तर तू बँकेत जाशील कशी?"

घरी राहणाऱ्याची किंमत कळायला आपल्याला त्याच्या मरणाची कल्पना करावी लागते, हे मला फार बोचलं.

"दोघांचा सारखाच काढा," स्मिता हळूच एजंटाला म्हणाली.

अजितने पुढचा घास भरवला. तिच्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.