बू लासिनेमच्या घरचा चहा

जावातल्या वोनोसोबोच्या चढावरच्या आमच्या गल्लीत बू लासिनेमच्या दारावरून चहा न पिता कोणी गेलं, असं कधी झालं नाही. पेल्यात चार चमचे साखर, शिवाय तळाशी न विरघळलेली वेगळी. कमी गोड चहा म्हणजे पाहुण्याचा अपमान, ही इथली रीत. बू लासिनेम, म्हणजे आमची लासिनेमआई, ती जरा जास्तच पाळायची. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा रडता रडता तिने मला विचारलं होतं, "गोड झालाय ना?"

तिची सून वेनिंग सहा महिन्यांची गरोदर होती. अंगावर सूज, सदा पेंगलेली. आम्ही शेजारणींनी एकमताने निदान केलं: आळस. नर्सबाई एंदाहने मात्र रक्त तपासलं, तर थायरॉइड मंद निघाला. तिने रोज अनशापोटी घ्यायची गोळी दिली आणि बजावलं, "थायरॉइड असा असला की गरोदरपणात साखर वाढायची भीतीही जास्त. वेळेत सापडलं तर बाळाला जपता येईल. उद्या साखर तपासायला उपाशीपोटी ये."

उपाशीपोटी! तेही बू लासिनेमच्या घरातून! सकाळी तिने सुनेला फाटकातच गाठलं. "घोटभर घे गं. पोटात पोर, आणि ही बया उपाशी निघाली!"

सासूला नाही कसं म्हणायचं? वेनिंगने पेला रिकामा केला. दवाखान्यात साखर भलतीच चढलेली. नर्सबाईने खोदून विचारल्यावर चहा कबूल झाला आणि तपासणी फुकट गेली. पुढच्या आठवड्यात चहा नव्हता, फक्त दोन उकडलेली केळी. "ते काय खाणं झालं?" बू लासिनेम म्हणाली, आणि तपासणी पुन्हा फुकट.

मग नर्सबाई स्वतःच घरी आली. आधी चहा प्यावा लागला. त्याशिवाय तोंड उघडायची सोय नव्हती. पेला खाली ठेवून ती म्हणाली, "बू, नातवंडासाठी तिराकात धरता का? आज रात्री जेवलात की उद्या तपासणी होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. तुम्ही आणि सून, दोघींनी."

तिराकात म्हणजे लेकरांच्या भल्यासाठीचा उपास. त्याला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? बू लासिनेमने गल्लीभर दवंडी पिटली आणि सकाळी सुनेला घेऊन अशी ऐटीत निघाली, जणू उपास तिनेच शोधून काढला होता. मीही गेले, फुकटचा तमाशा कोण सोडतं?

वेनिंगची साखर वाढलेलीच होती, पण पथ्याने आवरेल इतकी. नर्सबाईने सासूचंही बोट टोचलं. आकडा इथेही चढलेलाच होता. मग तिने बू लासिनेमच्या गळ्यावरची ओढणी हलकेच बाजूला केली. तिथली गाठ आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पाठीमागे आम्ही तिला 'लासिनेमचा बटाटा' म्हणायचो.

"ही थायरॉइडची गाठ कधीपासून, बू?"

"पहिल्या खेपेपासून. पहिली दोन पोटातच गेली. सासू म्हणाली, मी नीट खात नव्हते म्हणून गेली." मग आवाज बारीक करून, "ह्यानेच गेली का गं ती?"

"तेव्हा कोणी तपासलंच नाही. आता कसं सांगू?"

घरी आल्यावर तिने सवयीने माझ्यापुढे चहा ठेवला. त्यात साखरेचा कण नव्हता, आणि गोड झालाय का, हेही तिने विचारलं नाही. तीस वर्षं मी ती गाठ पाहिली होती, तिला नाव ठेवलं होतं आणि समोर बसून चहा ढोसला होता. मला माझीच लाज वाटली. मी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.