बापूराव बसले की गाडी दम टाकते

मुक्ताई ढमाले यांनी सगळी नोकरी शहरातल्या बसमध्ये तिकिटं देण्यात काढली, आणि ती खरोखरच उभ्याने काढली. ब्रेक लागला की कुठला दांडा धरायचा, वळणावर कुठला पाय पुढे टाकायचा, हे अंगात मुरलेलं. मनात मात्र एक गोष्ट कायम टोचत राहिली. घंटी आपण मारायची आणि गाडी चालवायची दुसऱ्याने. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते जुनी मोटरसायकल शोधायचं.

मुलगी निकिता म्हणाली, "आई, स्कूटर घे. सेफ असते."

"स्कूटरवर खुर्चीत बसल्यासारखं वाटतं," मुक्ताई म्हणाल्या. "खुर्चीत बसायचं असतं तर डेपोत क्लार्क नसते झाले?"

वाघोलीला कॉलेज संपवून बेंगळुरूला निघालेल्या दिग्विजय नावाच्या मुलाकडे एक काळी मोटरसायकल होती. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मावशी, गाडीत काहीही काम नाही." मुक्ताईंनी ती चालवून पाहिली. गाडी झकास पळाली. वारज्याला घरी आणून त्यांनी तिला हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला मागे बसवून त्या कर्वे रस्त्याला लागल्या.

नवरा म्हणजे बापूराव. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याच्या कामातली चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. स्वतः त्यांनी सायकलही कधी चालवली नव्हती, पण रस्ता ते मुद्रितासारखा वाचत. "डावीकडून रिक्षा." "पुढे खड्डा." "तो मुलगा मोबाइलवर बोलतोय, त्याचा भरवसा नाही."

कोथरूडच्या अलीकडेच गाडीने दोन आचके दिले, दम टाकला आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. मुक्ताईंनी गाडी कडेला घेतली, किक मारली, तर लगेच सुरू. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच.

आठवडाभर हाच खेळ चालला. मुक्ताई एकट्या मंडईला गेल्या तर गाडी लोण्यासारखी. बापूराव बसले की कधी डहाणूकर कॉलनीपाशी मान टाकणार, कधी नळ स्टॉपला.

कोपऱ्यावरचे कासिमभाई गाड्या दुरुस्त करत. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, टाकीतलं पेट्रोल उपसून पाणी आहे का पाहिलं. मग गाडीवर लांब चक्कर मारून आले.

"ताई, एकदम मख्खन चालते."

"तुम्ही एकटे गेलात ना? आमचे हे बसले की बंद पडते."

कासिमभाईंनी बापूरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शक्य तितक्या अदबीने विचारलं, "काकांचं वजन किती असेल?"

बापूरावांनी त्या दिवसापासून रात्रीचा भात सोडला. पण हा आरोप मुक्ताईंनाही पटेना. त्यांनी गिरणीत न्यायचं गव्हाचं पोतं मागच्या सीटवर आवळून बांधलं आणि चांदणी चौकाचा चढ चढून आल्या. गाडी हूं की चूं न करता वर गेली.

"म्हणजे गव्हाचं पोतं चालतं," बापूराव म्हणाले, "नवरा चालत नाही. छान."

तिथून त्यांचा अबोला सुरू झाला. मुक्ताईंनी भाताचा कुकर लावला तरी तो मोडेना. पण वाघोलीला भाचीकडे, रुपालीकडे, बारसं होतं आणि जाणं भाग होतं. बापूराव मागच्या दांड्याला पाठ टेकवून, हाताची घडी घालून, एक अक्षर न बोलता बसले. वारज्यापासून वाघोलीपर्यंत अख्खं पुणं ओलांडलं. गाडी कुठे अडखळली सुद्धा नाही. मुक्ताईंना वाटलं, गेली एकदाची पीडा.

बारशाला जिलबी चांगली होती, त्यामुळे परतताना बापूराव जरा निवळले. येरवड्याच्या पुलावर त्यांना राहवेना. हेल्मेटमधून ऐकू जावं म्हणून ते पुढे सरकले, बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "टेम्पोवाला सिग्नल न देता वळणार बघ."

गाडीने दम टाकला.

मुक्ताईंनी ती ढकलत पुलापलीकडे आणली आणि कठड्याला टेकून विचार करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, बसा परत. आणि मी सांगेपर्यंत बोलू नका."

गाडी निघाली. संगमवाडीचा रस्ता निम्मा पार झाला.

"आता बोला."

"काय बोलू?"

"रोज विचारता का?"

बापूराव पुढे वाकले. "ह्या रस्त्यावरचे पट्टे कधी रंगवले होते कोण जा—" गाडी मेली.

"तुम्ही बोललात की ही बंद पडते," मुक्ताई म्हणाल्या.

"वाहन तुझ्यावरच गेलंय," बापूराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढचा सगळा रस्ता ते मुके राहिले आणि गाडी थेट कासिमभाईंच्या दारात जाऊन थांबली. मुक्ताईंनी सगळं सांगितलं. कासिमभाई आधी हसले. मग त्यांनी गाडी स्टँडवर लावली, इंजिन चालू ठेवलं आणि बापूरावांना मागे बसवलं. इंजिन चालू.

"आता बोला, काका."

बापूराव ताठ बसून म्हणाले, "तुमच्या पाटीवर 'दुरुस्ती'तला 'रु' दीर्घ आहे. तो ऱ्हस्व हवा." इंजिन चालूच राहिलं.

"तसं नाही," मुक्ताई म्हणाल्या. "माझ्याशी बोलता तसं बोला. पुढे सरकून."

बापूराव सीटच्या मध्यावर सरकले. तोंड उघडायच्या आतच इंजिन बंद.

कासिमभाईंचं हसू थांबलं. त्यांनी सीट काढून उलटी केली आणि तिघेही वाकून पाहू लागले. दिग्विजयने ती नव्याने मढवून घेतली होती, आणि मढवणाऱ्याने बरोबर मध्यभागी नको तितका लांब स्क्रू मारला होता. मध्ये वजन आलं की सीटचा पत्रा वाकायचा आणि स्क्रू खालच्या वायरवर टेकायचा. वायरचं आवरण तिथे खरवडून तांबं उघडं पडलं होतं.

"ही वायर इंजिन बंद करायच्या बटणाची," कासिमभाई म्हणाले. "काका पुढे सरकले की गाडीला वाटायचं, कोणी बटण दाबलं."

"म्हणजे इतके दिवस मी बटण होतो," बापूराव म्हणाले.

कासिमभाईंनी वायरला नवी नळी घातली, ती बाजूने वळवून बांधली आणि स्क्रू कापून टाकला. सीट बसवायच्या आधी मुक्ताईंनी एकदाच विचारलं, "हे असंच ठेवता येणार नाही ना?" कासिमभाईंना तो विनोद वाटला. बापूरावांना वाटला नाही.

घरापर्यंतचं अंतर चार पावलांचं, पण मुक्ताईंनी गाडी मुद्दाम सिंहगड रस्त्याकडे वळवली. बापूराव दांड्याला पाठ लावून गप्प. नांदेड फाटा गेला, किरकटवाडी गेली, मागून आवाज नाही. मुक्ताईंनी दोनदा आरशात पाहिलं. ते होते. आयुष्यभर गर्दीचा कलकलाट कानाशी घेऊन काम केलेल्या बाईला ती शांतता सोसेना. खडकवासल्याच्या चौपाटीची गर्दी दिसू लागली तशी त्यांनी गाडी हळू केली.

"अहो, तो पुढचा ट्रक थांबलाय की चाललाय?"

बापूराव बिचकत बिचकत पुढे सरकले. गाडी चालत राहिली. ते आणखी थोडे सरकले.

"थांबलाय," ते म्हणाले. "मागचा दिवा फुटलाय त्याचा. आणि नंबरप्लेटवर 'पुणे' चुकीचं लिहिलंय. तू जरा उजवीकडून घे. एवढी नको. हां. आणि गाडी चौथ्यात का टाकलीस?"

"तुम्हाला कुठे कळतं चौथा?" मुक्ताई म्हणाल्या आणि गाडी पाचव्यात टाकली.