आशाबाईंची आडवाट

“आन् झेंडू कोण तोडीन? समुद्र येईन का तोडायले?” भगवंतरावांनी हातातला घास तसाच धरून तिसऱ्यांदा विचारलं.

“बाबा, जरा हळू. माणिककाकू भिंतीपलीकडेच आहेत,” सून वर्षाली म्हणाली.

“ऐकू दे तिले. कळू दे, आपली जाऊ ह्या वयात पळायले कोकणात चालली म्हून.”

“चालली नाई अजून,” गजेंद्र म्हणाला. “थेच तं ठरवून राहिलो ना आपण.”

आशाबाई ओट्यापाशी भाकरी थापत उभ्या होत्या. ज्यांच्याबद्दल ठरत होतं त्यांना अजून कोणी काही विचारलं नव्हतं. फक्त भाकर मागितली होती. ती त्यांनी वाढली.

मामला तसा साधा होता. रविवारी कोकणात पळण्याची शर्यत होती. गावातून निघायचं, किल्ल्याच्या पायथ्यावरून जायचं आणि पुढे थेट समुद्राच्या काठाने. शर्यतीत या घरातली दोन नावं होती, आशाबाईंचं आणि त्यांच्या मुलाचं, गजेंद्रचं. गजेंद्रबरोबर वर्षालीचंही तिकीट काढलेलं होतं, फोटो काढायला. सोमवारी दसरा. दसऱ्याचा झेंडू आदल्या दिवशीच तोडावा लागतो, आणि त्या दिवशी अख्ख्या बार्शीटाकळीत मजूर मिळत नाही, कारण ज्याला त्याला आपापला झेंडू असतो. शिवाय छोट्या नातीकडे, खुशीकडे, बघायला कोणीतरी हवं. म्हणजे घरातलं एक कामाचं माणूस मागे राहायलाच पाहिजे. ते कोणतं, याबद्दल घरात मतभेद नव्हता. आशाबाईंनी ते अजून कबूल केलं नव्हतं, एवढंच भांडण होतं.

आशाबाईंना पळायची हौस कधीच नव्हती. तलावाच्या खालच्या अंगाला त्यांची भेंडी-वांग्यांची वाडी. जन्म वाकून तोडण्यात गेला, पळण्याचा संबंध आला तो वाडीत शिरलेल्या म्हशीमागे. मग रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. त्या चालायला लागल्या, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की गावात बाईमाणसाला एकटीने चालता येत नाही. शेजारच्या जाऊबाई, माणिकबाई, सोबतीला आल्या. आपल्या सुनेने काल काय केलं आणि काय नाही केलं, हे सांगितल्याशिवाय माणिकबाईंचा पाय उचलत नसे. आशाबाई भरभर चालू लागल्या. माणिकबाईही भरभर बोलू लागल्या. शेवटी एका सकाळी नाल्याच्या वळणावर आशाबाईंनी चक्क धूम ठोकली. साखर उतरली ती पुढे. आधी माणिकबाई मागे पडल्या, आणि तेवढ्यानेच त्यांना फार बरं वाटलं.

पण रस्त्यावर पळणारी बाई म्हणजे कोणाचं तरी काहीतरी झालेलं असणार.

“काय झालं वं आशाबाई? कोणाचं कमी-जास्त?”

“काई नाई. अशीच पळून राहिली.”

“अशीच कोणी पळते का?”

हे परवडलं. गाड्या परवडत नव्हत्या. मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल थांबायची. “बसा काकू, सोडून देतो.” पायी माणसाला रस्त्यात टाकून रिकामी गाडी पुढे नेली तर गाव नाव ठेवतं, आणि कोणी बस म्हटल्यावर बसलं नाही तर त्याहून जास्त. त्यामुळे सुरुवातीचा महिनाभर आशाबाईंचं निम्मं पळणं कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून झालं. उतरायच्या, पुन्हा पळायला लागायच्या, की मागून दुसरी गाडी. एकदा त्यांनी धाकट्या दिरांना, म्हणजे माणिकबाईंच्याच नवऱ्याला, नको म्हणून पाहिलं. “काहून? आमच्या गाडीले काटे हायेत?” एवढं बोलून ते गेले, आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्या घरातून कोणी आलं नाही.

तेव्हा आशाबाईंनी रस्ता सोडला. जिथे मोटरसायकल जाणार नाही अशी वाट त्या हुडकत गेल्या. नाल्यातून, शेतांमधल्या पांदणीच्या चिखलातून, मातीच्या जुन्या गढीमागच्या बाभळींतून. गढीच्या पुढून चांगली वाट होती, पण तिथून दूधवाला जायचा. पुढे काळ्या दगडाचं पडकं देऊळ. त्याच्या मागे पायविहीर, तिला वळसा घालायचा, कारण देवळाच्या पुढच्या अंगाला म्हातारे बसत आणि त्यांच्यासमोर पदर डोक्यावर घ्यावा लागे. शेवटी दगड धरधरून तलावाच्या भिंतीवर चढायचं. वर वारा असायचा. श्रावणात धुक्यामुळे तलावाचा पलीकडचा काठ दिसत नसे, नुसतं पाणी आणि पाणी. आशाबाई तिथे कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. समुद्र असाच असेल का, असं एकदा त्यांच्या मनात आलं, आणि मग ते मनातून गेलंच नाही.

गजेंद्र अकोल्याच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये होता. त्याच्याकडे बूट होते, घड्याळ होतं, तीन टोप्या होत्या. त्याने एक दिवस आईच्या मागे जाऊन मोबाईलवर ती वाट टिपली आणि ग्रुपवर टाकली. नाव दिलं, ‘वारसा मार्ग’. पावसाळ्यात अकोल्याहून गाड्या भरून लोक आले. गढीपाशी, देवळापाशी फोटो झाले. ही वाट कशी सुचली, असं कोणीतरी विचारलं.

“इतिहासाची आवड आमच्या घरात आधीपासूनच आहे,” गजेंद्र म्हणाला.

आशाबाई तेव्हा पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या. गढीचा इतिहास त्यांना दूधवाल्यापुरताच माहीत होता. त्या ग्रुपमधली दातांची डॉक्टर करिश्मा मात्र दुसऱ्या रविवारी एकटीच आली आणि त्यांच्याबरोबर भिंतीपर्यंत पळाली. कोणाच्याही सुनेचा विषय न काढता पळणारी ही पहिली सोबतीण. वर पोचल्यावर आशाबाईंनी तिला समुद्राचं विचारलं. तिने सरळ कोकणातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत त्यांचं नाव घातलं.

“आई, मला तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते,” वर्षाली आता म्हणत होती.

“माह्या गुडघ्यांले काई झालं नाई.”

“झालं तर?”

“झेंडू तोडतानाई होते मंग.”

“आई, समजून घे ना,” गजेंद्र म्हणाला. “माझी एकवीस किलोमीटरची आहे, तुझी दहाचीच. ग्रुपवर सगळे माझ्याकडे पाहून राहिले. अमरावतीचा एक जण विचारत होता, मी खातो काय म्हणून. आन् समुद्रच पाहायचा असंन तं दिवाळीनंतर जाऊ ना सगळे. गाडी करून.”

दिवाळीनंतर, हे या घरात आशाबाईंनी बऱ्याच गोष्टींबद्दल ऐकलं होतं. कोणत्या दिवाळीनंतर, ते मात्र कोणी सांगत नसे.

“बाबा, तुम्हीच पाहा.” गजेंद्रने मोबाईल भगवंतरावांपुढे धरला. “ही माझी रोजची तयारी. शेवटच्या टप्प्यात माझा वेग पाहा. तलावापासून घरापर्यंत. एवढा ग्रुपमध्ये कोणाचाच नाई.”

भगवंतरावांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि मनापासून कौतुकाने म्हणाले, “राहीनच ना. तलावापासून तं तू नागसेनच्या गाडीवर येतं.”

भिंतीपलीकडे माणिकबाईंची भांडी वाजत होती, ती थांबली.

“रोज पायतो ना मी भेंडीतून,” भगवंतराव म्हणाले. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताच नव्हता. “चांगला पोट्टा हाय नागसेन. रिकामी गाडी नाई नेत कधी.”

“तो थांबवतेच ना बाबा,” गजेंद्र म्हणाला. “बस म्हणते. नाई कसं म्हणू? त्याले राग येते.”

आशाबाईंना क्षणभर पोराची दयाच आली. खोटं बोलत नव्हता तो. नाही म्हणण्याची किंमत काय पडते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण ती चुकवायला त्या काट्यांत शिरल्या होत्या, आणि हा गाडीवर बसून टाळ्या घेत होता.

“बसताना घड्याळ बंद करता येतं ना?” वर्षालीने खालच्या आवाजात विचारलं. गजेंद्रचे घामाने निथळणारे फोटो अंगणात तिनेच काढले होते.

“विसरलो.”

“रोज?”

गजेंद्रने मोबाईल खिशात घातला. आता भगवंतरावांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी बापाच्या मायेने सगळं सावरून घेतलं. “जाऊ दे वं. बसला तं बसला. कोकणात थोडीच नागसेन हाय? आता त्यानं चार लोकांत सांगितलं, गेला नाई तं कसं दिसन? बायामाणसाचं काय, तुले कोण विचारते का काहून नाई आली म्हून? तू राय घरी.”

आशाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. ती फुगेपर्यंत थांबल्या. मग उतरवून नवऱ्याच्या ताटात ठेवली आणि गॅस बंद केला. परातीत पीठ अजून शिल्लक होतं.

“ऐका,” त्या म्हणाल्या. आवाज उद्या भेंडी कोणत्या वाफ्यातली तोडायची हे सांगण्याचाच होता. “शुक्रवारच्या गाडीनं मी करिश्मासंगं कोकणात चालली. वर्षालीले यायचं असंन तं तिचं तिकीट हाय. रविवारी झेंडू तुमी आन् गजेंद्र तोडा, खुशीले संगं न्या. मी स्वयंपाक करून ठेवून जाणार नाई.”