आठी घालून दाखवा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. दुपारी कडक ऊन, वारा नाही.

दादरच्या एका स्किन क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनवर बसते. सुरकुत्यांवर इंजेक्शन घ्यायला येणारी माणसं डॉक्टरांना फक्त वय सांगतात, बाकी सगळं मला. घरी गेले की लिहून ठेवते. तिसरी वही संपत आली.

ठाकूरद्वारचे एक निवृत्त हेडक्लार्क घरी 'दाढ दाखवायला जातो' असं सांगून यायचे. त्यांची बायको भजनाच्या नावाखाली निघायची. एका गुरुवारी दोघं आमच्याच सोफ्यावर भेटले.

"तुझं भजन इथे असतं?"

"तुमची दाढ कपाळात आहे का?"

इंजेक्शननंतर चार तास वाकायचं नाही, हे मी प्रत्येकाला बजावते. परळच्या एक बाई इथून थेट सत्यनारायणाला गेल्या. थोरल्या जाऊबाई पाय जुळवून उभ्या, या ताठच. म्हणाल्या, "ताई, तुमचा नमस्कार साडेआठला करते."

आणि लालबागची सासू-सून. जुलैत आल्या. सासूबाईंना साठीनिमित्त लेकीने ही भेट दिली होती. सून माझ्यापाशी बसून कुजबुजली, की प्रमोशनचं ट्रेनिंग नेमकं गणपतीत आलंय आणि गावी येणार नाही हे सांगायची हिंमत होत नाही. त्यांच्याकडे परवानगी तोंडाने कुणी देत नाही. सगळे सासूबाईंच्या कपाळाकडे बघतात. आठी पडली की विषय संपला.

आत डॉक्टर इंजेक्शनच्या जागांवर खुणा करायला पेन्सिल घेऊन उभ्या. "आठी घालून दाखवा."

"माका मुद्दाम घालूक येणा नाय."

डॉक्टरांनी सुनेला मदतीला बोलावलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, यंदा गणपतीला मी गावी येणार नाही."

"अगदी अश्शाच राहा," म्हणत डॉक्टरांनी पाचही खुणा करून घेतल्या.

पंधरा दिवसांनी जेवताना सुनेने विषय पुन्हा काढला. सगळ्यांनी कपाळाकडे पाहिलं. गुळगुळीत. सासरे मुलाला म्हणाले, "बरा तर, हिचा तिकीट रद्द कर."

सुनेचं ट्रेनिंग झालं, प्रमोशनही मिळालं. इंजेक्शनचा असर चारेक महिन्यांत ओसरतो, म्हणून पुढची अपॉइंटमेंट नोव्हेंबरची होती; आज सकाळी सासूबाईंनी फोन करून ती रद्द केली. दुपारी सुनेने त्यांच्याच नावावर नवी घेतली, पुढच्या गणपतीच्या पंधरा दिवस आधीची.