काचबिंदू, दोन आजोबा आणि कुंकू

“घरी सांगशीन तं हा स्टूल तुह्या टाळक्यात घालीन,” नाना म्हणाले आणि त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. स्टूल त्यांच्या पाठीमागे होता.

मी जळगावात एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. नाना रावेरकडचे केळीवाले शेतकरी, साठी उलटलेले. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. लोक मोतीबिंदू आणि काचबिंदू एकच समजतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढलं की दिसतं. काचबिंदूत डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि मागची नस सुकते. गेली ती नजर गेली. थेंब घालून उरलेली टिकवायची. नानांची उरली होती ती फक्त उजेड-अंधार कळण्यापुरती.

डॉक्टरांनी हे त्यांना एका वाक्यात सांगितलं आणि मला म्हणाले, “यांना जरा समजाव.”

“साहेब, मी औषधं बनवतो. समजावणं माझं काम नाही.”

“मग माझं आहे? बाहेर रांग बघ.”

झालं! तेव्हापासून ज्याची नजर गेली तो माझ्या टेबलाशी. काय बोलायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी चहा मागवायचो.

नानांची भीती साधी होती. “घरात कळलं ना, की माही खाट पडवीत. मंग मले काय इचारतीन? जेवले का, एवढंच.” मी चहा मागवला. कोणाला सांगणार नाही, असा शब्द देऊन बसलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा भास्करभाऊ हजर. “कंपाउंडर, नानांना दिसत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण आम्हाला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. खचतील हो ते.” त्यालाही शब्द दिला. दुसरं काय करणार?

त्यांच्या घरात मग असं चालायचं. खाट, लोटा, चपला जागच्या हलवायच्या नाहीत. नानांच्या वाटेत जो येईल त्याने खोकायचं. सुना खोकायच्या, शेतावरचा सालदार गडी खोकायचा, पाहुणा आला तर त्यालाही दारातच सांगून ठेवायचे. आणि नाना मला ऐटीत सांगायचे, “कोनाले पत्ता न्हाई!”

असं वर्षभर चाललं, आणि नातवासाठी एरंडोलचं स्थळ आलं. नानांनी मुलगी पाहिल्याशिवाय त्यांच्या घरात सोयरीक होत नसे. नाना मला म्हणाले, “तू भाचा म्हनून चाल. पोरगी बरी असली तं माहा गुडघा एकदा दाब. न्हाई तं दोनदा.” भास्करभाऊने वेगळं गाठून हात जोडले. गेलो.

मुलीचे आजोबा, आबा, स्वागताला दारात आले. अहो, ते आमचेच पेशंट! तोच काचबिंदू, आणि घरी सांगणार नाही असा तोच शब्द. त्यांची सून उपरणं सारखं करायच्या निमित्ताने त्यांना मागून वळवत होती, म्हणजे तिथेही तेच नाटक. रामराम झाला. आबांनी तो खांबाला घातला, नानांनी मला.

मुलीची काकू पाण्याचे पेले ठेवायला वाकली. नाना लगेच म्हणाले, “बस बाई. नाव काय तुहं?” चाळिशीची काकू घाबरून बसली आणि तिने नाव सांगितलं. मी गुडघा दोनदा दाबला. मग चारदा.

“गुडघा काहून चेपतो रे?” नाना ओरडले.

मग खरी मुलगी चहा घेऊन आली. तिने नानांचा हात धरून कपाच्या कानापर्यंत नेला आणि हळूच म्हणाली, “नाना, गरम शे.” घरी आबांना ती असाच चहा देत असणार. नानांनी दोन घोट घेतले. मग मला न विचारताच म्हणाले, “पोरगी पसंत.”

पसंती झाली, की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना कुंकू लावायचं आणि नारळ द्यायचा. भास्करभाऊ माझ्याकडे पाहतोय, आबांची सून आबांकडे पाहतेय. मी छताकडे पाहिलं.

नानांचा अंगठा आबांच्या नाकावर टेकला आणि मिशीत शिरला. आबांनी नानांच्या कानाला कुंकू लावलं, मग पागोट्याला. वीस-पंचवीस माणसं बसली होती, पण कोणी हसेना. प्रत्येक घराला वाटत होतं, घोळ आपल्याच म्हाताऱ्याने घातलाय. भास्करभाऊ सवयीने खोकला. त्याच्यामागे रावेरची सगळी मंडळी खोकू लागली.

आबांचा अंगठा फिरत फिरत डोळ्याशी आला, तेव्हा नानांनी त्यांचं मनगट धरलं.

“आबा, तुमचा एक गेला, का दोन्ही?”

आबांनी नारळ खाली ठेवला. “दोन्ही गयात, नाना. तुमना?”

“दोन्ही. मले वाटलं, मी एकटाच हाये.”

दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले आणि तोंडभर कुंकू माखलेले ते दोन म्हातारे रडता रडता हसायला लागले. मी उपरण्यात तोंड लपवलं. माझी काय अवस्था झाली, ती आजही सांगता येत नाही.

“नाना, आम्हाला वर्षापासून माहीत आहे,” भास्करभाऊ रडवेला होऊन म्हणाला.

“माहीत हाये? मंग सारे खोकत काहून होते? मले वाटलं घरात टीबी शिरला! साल झालं, काळजीनं जेवन गोड लागत न्हाई!”

लग्न झालं. महिन्याभराने नाना नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून, भर बाजारातून चालत, थेंब न्यायला आले. “घरी कसं चाललंय?” मी विचारलं.

“इचारू नको! आधी मले दिसतं असं दाखवाच्या नादात, मी उघडा पडीन म्हनून कोनी काही इचारे न्हाई. आता कोन्ता घड कापू, हेही मलेच, आन् भाजी काय करू, हेही मलेच. घडीभर पडू देत न्हाईत.” तक्रार चालली होती, पण चेहरा नुसता फुलला होता.

पुढे बरीच वर्षं मी ते समजावण्याचं काम केलं. नजर गेलेल्या माणसाला काय सांगावं, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. एक मात्र पक्कं केलं. शब्द द्यायचा नाही. पहिल्याच दिवशी अख्खं घर एका बाकावर बसवायचं, दार लावून घ्यायचं, आणि चहा मागवायचा तो सगळं बोलून झाल्यावर.