थांब, तिकडे विचारतो

एक रिसीव्हर कानाला आणि दुसरा छातीशी दाबलेला. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं, आणि पुढची सात-आठ वर्षं बहुतेक वेळा असंच पाहिलं.

"थांब, तिकडे विचारतो," एवढं कानाजवळच्या रिसीव्हरमध्ये बोलून ते त्याला छातीशी नेत आणि छातीवरचा कानाला लावत. एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला ऐकू जाऊ नये, म्हणून ही पद्धत. त्यांच्या सगळ्या शर्टांचं कापड डाव्या खिशाच्या वर विरलेलं असे.

ही गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या डार्विन शहरातली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. तिथे लष्कराचा तळ होता. पोलीस, बंदर, रुग्णालय, वीज आणि पाणी ही खाती मुलकी होती. उत्तर किनाऱ्यावर कधी कोणी चाल करून आलं, तर सैन्याला लागणारी प्रत्येक गोष्ट, धक्क्यापासून रक्ताच्या बाटल्यांपर्यंत, मुलकी खात्यांकडे होती. दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलावं म्हणून सरकारने मध्ये एक माणूस नेमला होता. तो माणूस वसईचा होता.

मी तिथल्या दैनिकात बातमीदार होतो. संरक्षण आणि बंदर हे माझे विषय. मी ठाण्याचा आहे हे कळल्यावर त्यांनी दोन्ही रिसीव्हर खाली ठेवले. असं ते क्वचितच करत. "मग मराठीत विचार की," ते म्हणाले, "इंग्रजीत मला काही सांगता येत नाही. परवानगी नाही."

मराठीतही त्यांनी काही सांगितलं नाही.

त्यांची खोली सरकारी इमारतीच्या तळघरात होती. मोठ्या वादळानंतर बांधलेली ती इमारत, त्यामुळे भिंती जाड, खिडकी एकही नाही. वातानुकूलन इतकं थंड की बाहेर माणसं घामाने भिजत असताना आत ते स्वेटर घालून बसत. भिंतीवर दोन नकाशे होते, एक लष्कराचा, एक मुलकी खात्यांचा. दोन्हींवर किनारा तोच, पण नद्यांची नावंसुद्धा काही ठिकाणी वेगळी. दोन्ही नकाशांच्या मधोमध त्यांची खुर्ची.

कामाचं स्वरूप कळावं म्हणून एक प्रसंग सांगतो. बंदरावरच्या माणसाला तळावरून विचारणा होती की इंधनाची बोट कधी लागेल. बंदरावरचा माणूस म्हणाला, "आर्वोला कधीतरी, मेट. नो वरीज." आर्वो म्हणजे तिथल्या बोलीत दुपार, मेट म्हणजे दोस्त. त्यांनी रिसीव्हर बदलला आणि तळाला गंभीरपणे सांगितलं, "पंधरा तीस." मग पुन्हा बंदराला, "आर्वोला चालेल म्हणतायत. पण साडेतीनच्या आर्वोला." बोट चारला लागली. दोघेही त्यांच्यावर खूश होते.

"तुम्ही खोटं सांगितलंत," मी म्हणालो.

"खोटं नाही. मी भाषांतर केलं."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. कचेरीत असतो, चाळीच्या कमिटीत असतो. दोन्ही बाजू त्याची स्तुती करतात आणि कोणतीही बाजू त्याला आपला म्हणत नाही. तळावरच्या भोजनगृहात त्यांना पाहुण्यांच्या टेबलावर बसवत. मुलकी खात्यांच्या सहलीला ते आले की कोणी तरी म्हणे, "हळू बोला, आर्मी आली."

त्यांची बायको परिचारिका होती. मुलीला सिडनीतल्या चांगल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा ती मुलीला घेऊन तिथल्या वेंटवर्थव्हिल उपनगरात राहायला गेली. तिला तिथल्या रुग्णालयात काम मिळालं. हे एका वर्षापुरतं होतं. त्यांची बदली सिडनीला होणार होती, तसा शब्द मिळाला होता. ते वर्ष गेलं, दुसरं गेलं. दर वर्षी बदलीचा विषय निघाला की तळ कळवी, या माणसाशिवाय मुलकी खाती आमचं ऐकत नाहीत. मुलकी खाती कळवत, या माणसाशिवाय तळ आम्हाला उत्तर देत नाही. दोन्ही बाजूंचं एकमत होणारा तेवढा एकच विषय होता.

नोकरी सोडून जावं, तर पन्नाशी आली होती, आणि हे नक्की कसलं काम आहे ते सिडनीत कोणाला समजावता येत नव्हतं. एका मुलाखतीत त्यांना विचारलं, तुम्ही स्वतः काय करता? ते म्हणाले, विचारतो. नोकरी मिळाली नाही.

रविवारी चर्चमधल्या मिसानंतर ते घरी फोन करत. कधी मी तिथेच असे. त्यांच्याकडे जेवायला बोलावणं असायचं, कारण बायको सिडनीहून बिअरच्या बाटलीत भरून मसाला पाठवी आणि एकट्यासाठी रस्सा करणं त्यांना जमत नसे. फोनवर ते नेहमीचं वाक्य बोलत, "हा सराव आटपला की येतो."

एकदा त्यांनी मला रिसीव्हर दिला. वहिनी म्हणाल्या, "काय रे, तिथे ह्याची स्तुती चाललीय का अजून?"

"खूप," मी म्हणालो.

"मग तो येत नाही."

मुलगी तेव्हा दहावीत होती. बारावीची परीक्षा होईपर्यंत बाबा घरी येणार, असं तिला सांगितलेलं होतं. ती फोनवर इंग्रजीत बोले. ते मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई. हळूहळू उत्तरं लहान होत गेली.

त्या वर्षी कोरड्या ऋतूत मोठा सराव झाला. काल्पनिक शत्रूच्या टोळ्या किनाऱ्यावर उतरणार, आणि सैन्य व मुलकी खाती मिळून त्यांना तोंड देणार. मुलकी बाजूला काय काय घडणार, हे लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. पूल पडणं, वीज जाणं, घाबरलेले लोक, सगळं त्यांनी दिवसवार लिहिलं. त्यात सोमवारी महामार्गावर प्रवाशांची बस उलटते, असाही एक प्रसंग होता.

सरावात एक नियम असतो. खरी घटना कळवायची असेल, तर आधी 'नो डफ' म्हणायचं. म्हणजे हे खोटं खोटं नाही, खरं आहे. हे शब्द त्यांनी प्रत्येक खात्याला शिकवले. खात्यांना ते फार आवडले. तिसऱ्या दिवशी पाणी खात्याच्या माणसाने तळाला कळवलं, "नो डफ, आमच्याकडचं दूध संपलंय." वीज खात्याने नो डफ म्हणून क्रिकेटचा स्कोअर विचारला. तळावरच्या मेजरने एकदा हसून घेतलं, मग हसणं बंद केलं.

रविवारी दुपारी मी त्या तळघरात होतो. बातमीदारांना तासभर बसायची परवानगी मिळाली होती. महामार्गावरच्या एका गावातून पोलीस सार्जंटचा फोन आला. बस उलटली होती. पुष्कळ माणसं जखमी, दवाखान्यात एक परिचारिका, रुग्णवाहिका एकच. त्याला लष्कराचं हेलिकॉप्टर हवं होतं.

त्यांनी रिसीव्हर छातीशी घेतला, दुसरा उचलला आणि मेजरला सांगितलं, "नो डफ. महामार्गावर बस उलटलीय."

मेजर म्हणाला, "ती उद्या उलटणार आहे, मेट. तूच लिहिलंयस."

"ही दुसरी. ही खरी आहे."

"त्याच रस्त्यावर?"

"त्याच रस्त्यावर."

"काल दूधही नो डफ संपलं होतं," मेजर म्हणाला. त्याचा आवाज उद्धट नव्हता. हेलिकॉप्टर सराव चालवणाऱ्या कर्नलच्या लुटुपुटूच्या लढाईत गुंतलं होतं, आणि कागदावरच्या बससाठी ते काढून घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी उत्तर त्यालाच द्यावं लागलं असतं. जीव वाचवायचे असतील, तर कोणाला न विचारता हेलिकॉप्टर पाठवायचा अधिकार त्याला होता. अडचण एकच होती. त्याला खरं वाटत नव्हतं.

मी त्यांचा चेहरा पाहत होतो. ते पुन्हा सांगू लागले आणि मध्येच थांबले. त्यांचं प्रत्येक वाक्य आता लिहिलेलं वाटत होतं, बहुधा त्यांना स्वतःलाही. मग त्यांनी छातीशी धरलेला रिसीव्हर खाली घेतला, दुसऱ्याला उलटा जोडला, याचं तोंड त्याच्या कानाशी, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले. सार्जंटला एवढंच म्हणाले, "तूच सांग."

सार्जंट रक्ताने माखलेल्या हातांनी फोन धरून उभा होता, हे नंतर कळलं. तो जे बोलला ते छापता येत नाही. मेजरच्या आईपासून सुरुवात करून तो राणीपर्यंत गेला. मधे मधे जखमींची माहितीही होती. खोलीत सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

हेलिकॉप्टर लगेच निघालं. दोघे दगावले, बाकीचे वाचले. मेजर नंतर म्हणाला, "असलं कोणाला लिहिता येणार नाही, हे पटलं."

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा मोकळे दिसले. "पाहिलंस?" ते मला म्हणाले. "ते एकमेकांशी बोलू शकतात. मध्ये माणूस लागत नाही." त्यांनी वरिष्ठांना कळवलं की तळ आणि मुलकी खाती यांच्यात थेट फोन टाकावा आणि आपलं पद रद्द करावं. आपलीच नोकरी बंद करा म्हणणारा सरकारी माणूस मी तोवर पाहिला नव्हता. फोनवर त्यांनी घरी सांगितलं, "ख्रिसमसपर्यंत." मुलगी म्हणाली, "ओके." त्यांनी मला ते दोनदा सांगितलं. ओके म्हणाली, बरं का.

सूचना मान्य झाली. थेट फोन आला, लाल रंगाचा, दोन्ही टोकांना एकेक. पहिल्याच आठवड्यात तळावरून त्यांच्या जुन्या फोनवर विचारणा झाली, "मेट, आम्हाला बंदराशी बोलायचंय. लाल फोन उचलू का?" त्यानंतर थोड्या वेळाने बंदरावरून, "लाल फोन वाजतोय. उचलायचा का?"

"उचल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"थांब, तिकडे विचारतो."

पद रद्द झालं नाही. लाल फोनची जबाबदारी त्यांच्याकडे आली. बढती म्हणून खुर्ची बदलली, नवीन खुर्चीला हात होते. ख्रिसमसला ते डार्विनमध्येच होते. चक्रीवादळाचा इशारा होता आणि वादळाच्या काळात दोन्ही बाजूंना ते लागत. वादळ दुसरीकडे वळलं. मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ते स्वेटर घालून दोन नकाशांच्या मधे बसले होते. "बाहेर ऊन आहे का?" त्यांनी विचारलं. मी आहे म्हणालो. ते बघायला उठले नाहीत.

पुढच्या दोन वर्षांत दोन सराव आणि तीन वादळं झाली. मुलीची बारावीची परीक्षा दुसऱ्या सरावाच्या बैठकांमध्ये आली. पहिल्या पेपराच्या सकाळी त्यांनी फोन केला. वहिनींनी सांगितलं, ती निघून गेली.

सुटका झाली ती त्यांना न विचारता. उत्तरेसाठी नवीन लष्करी मुख्यालय उभं राहिलं आणि मुलकी खात्यांशी बोलायला गणवेशातले तीन अधिकारी नेमले गेले. एका बैठकीत ते पद संपलं. निरोपाला सॉसेज आणि बिअर होती. मेजर आता कर्नल झाला होता. तो म्हणाला, या माणसाशिवाय उत्तरेचा कारभार चालला नसता. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वहिनींचं 'मग तो येत नाही' आठवलं, पण या वेळी विमानाचं तिकीट खरंच काढलेलं होतं.

ते सिडनीला पोचले त्याच महिन्यात मुलगी शिकायला मेलबर्नला गेली.

मी वर्षभराने कामासाठी सिडनीला गेलो, तेव्हा दुपारी वेंटवर्थव्हिलला त्यांच्याकडे जाऊन आलो. उताराचा रस्ता, विटांचं बैठं घर. बेल वाजवायच्या आत त्यांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पायात जाड मोजे होते, चपला नव्हत्या.

"ती झोपलीय," ते कुजबुजले. "नाईट ड्यूटी आहे."

रात्री वहिनी रुग्णालयात असत, दिवसा झोपत. ते रात्री मुलीच्या खोलीत झोपत आणि दिवसा आवाज न करता घरात वावरत. कोणती फळी वाजते ते त्यांना माहीत झालं होतं. स्वयंपाकघरात जाताना ते भिंतीच्या कडेने गेले, मीही त्यांच्या मागून तसाच गेलो. किटली शिटी वाजवायच्या आधीच त्यांनी उतरवली. आम्ही मागच्या पायरीवर बसून चहा घेतला.

"मुलगी फोन करते?" मी हळू विचारलं.

"करते. संध्याकाळी, आई उठल्यावर. दोघी बोलतात." मग म्हणाले, "छान बोलतात गं दोघी. तासभर." हे ते मला नाही, आत झोपलेल्या वहिनींना सांगावं तसं म्हणाले.

"तुम्ही?"

"मी असतो ना तिथे."

आतून वहिनींचा झोपेतला आवाज आला, "कोण आलंय?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "झोप तू."

मी उठलो. वहिनींना भेटायचं राहिलं, पण थांबायला सांगावं असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. फाटकापर्यंत ते सोबत आले, मोज्यांनीच. गाडीचं दार मी लावत होतो, तेवढ्यात त्यांनी हाताने ते धरलं आणि आवाज न करता मिटलं. मग खिडकीत वाकून म्हणाले, "इथे सुरू करू नकोस. तिची खोली रस्त्याच्या बाजूला आहे."

मी ब्रेक सोडला. गाडी उतारावरून आपोआप सरकू लागली. कोपऱ्याच्या अलीकडे मी आरशात पाहिलं. ते फुटपाथवर उभे होते आणि गाडीचा आवाज होतो का, ते ऐकत होते.