काकडं कमी पडली

शेवळं खाऊन कुणी मरत नाही.

आधीच सांगून टाकते, कारण गेलं वर्षभर माझ्यासमोर आणि पाठीमागेही याच्या उलटच बोललं जातंय.

आज माईंना, माझ्या सासूबाईंना, जाऊन वर्ष झालं.

ज्यांना शेवळं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जूनमध्ये बदलापूरच्या बाजारात रानातून येते ही भाजी. लांब, जांभळट दांडे. दिसायला भयंकर, चिरताना नको तो वास, आणि नीट नाही केली तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो.

त्याच्यावर उतारा म्हणजे काकडं. काकडी नाही हो, काकडं. बोराएवढी हिरवी आंबट फळं, शेवळांच्या जुडीबरोबरच विकतात. त्यांचा रस पडला की खाज मरते.

मी उल्हासनगर कॅम्प एकची. आजूबाजूला सगळे सिंधी, त्यामुळे साई भाजी आणि दाल पकवान खाऊन वाढलेली. लग्न करून इथे बदलापुरात, कुळगावला आले आणि पहिल्याच जूनमध्ये ओट्यावरचे ते दांडे बघून बोलून गेले, "हे खातात?"

माई म्हणाल्या, "खात नाहीत. खायला लावावं लागतं."

झालं. चॅलेंज घेतला बाईंनी.

नावडती भाजी असं काही नसतंच, असं त्यांचं ठाम मत. "भाजी वाईट नसते गं दीपा, करणारीला कंटाळा असतो." कारल्याच्या नावाने उठून जाणारे सासरे त्यांच्या हातचं कारलं मागून खायचे. मंदार, म्हणजे माझा नवरा, शेपू खायला लागला. आता माझा नंबर होता.

पहिल्या वर्षी कोलंबी घालून केली. मी एक घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायले.

पुढच्या वर्षी वाल घालून. मग नुसत्या खोबऱ्याच्या वाटपात. तोंड वाकडं करायचा मीही चंगच बांधला होता.

आणि एका जूनमध्ये माझ्याही नकळत मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माईंनी कढई तेवढी माझ्या बाजूला सरकवली.

तर हो, हात चांगला असेल तर नावडतं आवडतं होतं. माझ्यापुरता तो वाद मिटला.

माईंना दागिन्यांची हौस नव्हती, साड्यांची नव्हती. मिरवायच्या ते एकाच गोष्टीवर. "माझ्या शेवळांनी आजवर कुणाचा घसा खाजला नाही."

मग त्यांचा शेवटचा जून आला.

सगळे जेवायला बसलो होतो. पहिल्याच घासाला माईंनी हात थांबवला.

"खाजली."

मंदार हसला. "माई, तुझी? शक्यच नाही."

"काकडं कमी पडली," त्या म्हणाल्या आणि ताट बाजूला केलं.

बाकी कुणालाच खाजली नव्हती. आम्ही पुसून खाल्ली कढई.

पुढच्या रविवारी त्यांनी काकडं दुप्पट घातली. आमचे दात आंबले. माई पुन्हा म्हणाल्या, "खाजतेय."

बाजारात शेवळंवालीवर जाऊन भडकल्या. मी सोबत होते. "कसली दिलीस गं या वेळी?"

ती बाई शांतपणे म्हणाली, "मावशे, सगली येकाच रानातली हायेत. बाकी कोनाला खाजली का?"

माई पिशवी उचलून चालायला लागल्या.

शेवळांचा सीझन संपला. खाज संपली नाही.

आमसुलं झाली, चिंचेचं पाणी झालं, तूप-गूळ झालं. शेजारणी म्हणायच्या, "शेवळं ना? बसतात कधीकधी घशात." माई मान डोलवायच्या. "डॉक्टरकडे जाऊ" म्हटलं की चिडायच्या. "भाजी बाधली म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का?"

गणपतीत सगळा स्वयंपाक त्यांनी केला, जेवल्या वरण-भात कालवून. आवाज बसायला लागला होता. दिवाळीत चकली त्यांनी तळली, पण चाखायला मला दिली.

भाऊबीजेला माझी आई आली. सोबत माहेरच्या शेजारच्या सिंधी आंटी होत्या. त्यांनी माईंना चहा गिळताना बघितलं आणि मला आत ओढून म्हणाल्या, "बेटा, कोई सब्जी इतने महीने गले में नहीं रहती. आज के आज दिखा."

अंबरनाथच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"जूनपासून," माई एकदम कॉन्फिडंट. "शेवळांचं आहे."

डॉक्टर लिहायचे थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्याच मोठ्या हॉस्पिटलला न्या."

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. घशाचा कॅन्सर होता, आणि उशीर झाला होता.

एक माहीत नाही, ते आज सांगते.

जायच्या काही दिवस आधी दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. आवाज अगदी दोऱ्याएवढा उरला होता. म्हणाल्या, "होळीला पोळी गिळताना पहिल्यांदा अडकलं होतं गं."

म्हणजे शेवळं यायच्या कितीतरी आधी.

"मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटली. शेवळं आली तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, आता सांगायला कारण मिळालं."

मी भांडं घेऊन आत गेले आणि नळ सोडून रडले.

आपल्या हाताला आयुष्यात कधी बोल लावून न घेतलेली बाई. तिने भरल्या ताटावर, सगळ्यांसमोर, 'माझी भाजी बिघडली' म्हणून सांगितलं. त्या आजाराचं नाव घ्यावं लागू नये म्हणून.

मला त्यांचा राग येतो. अजून येतो. आणि त्यांच्याशिवाय त्या ओट्यापाशी उभं राहवत नाही.

माई, तुम्ही खोटं बोललात. तुमची भाजी त्या जूनमध्येही बिघडली नव्हती. चारचौघांत तुम्ही ते कबूल केलंत, म्हणून चारचौघांत मी ते खोडून काढतेय.

भरल्या मनाने नमस्कार.
तुमची दीपा